लख्ख डोळा आणि भिंतीचं ठिगळ

डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा मी नुसतं "ठीक आहे" म्हणालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी "ठीक आहे" म्हणालो नाही. मी म्हणालो, "लख्ख दिसतंय!"

खरं सांगायचं तर मला दिसत होती ती दुधात बुडवून काढलेली एक खोली. त्या दुधात काहीतरी पांढरं, उभं, हलत होतं. ते डॉक्टर असावेत असं समजून मी त्यांना हात जोडले. (तो खिडकीचा पडदा होता. डॉक्टर माझ्या मागे उभे राहून पट्टीचा कापूस टाकत होते.) आणि एक करडं, बसकं, गप्प असं काहीतरी बाजूला होतं. ती आमची ही, हे मात्र मी बरोबर ओळखलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती गप्प बसली की त्याचा आवाज येतो.

आता लख्ख दिसत नसताना लख्ख दिसतंय असं का म्हणालो, तर त्यालाही कारण होतं. मोतीबिंदू आम्हा दोघांनाही झाला होता. माझा साधा, हिचा जुना. दोन्ही डोळे भरलेले. डॉक्टर म्हणाले होते, "आजींचा मोतीबिंदू फार पिकलाय. आणखी उशीर केलात तर ऑपरेशन अवघड होईल, मग माझ्या नावानं खडे फोडू नका." ही घाबरली होती. घाबरली आहे हे कबूल करायचं नाही म्हणून चिडली होती. शेवटी म्हणाली, "आधी तुम्ही करून घ्या. तुम्हाला चांगलं दिसायला लागलं तर मी बघेन."

मी जन्मभर रंगारी. शाळेचं तोंड फारसं पाहिलं नाही, पण शाळांच्या भिंती पुष्कळ रंगवल्या. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. सगळं घर रंगवायच्या आधी कोपऱ्यात वीतभर जागा रंगवून दाखवायची. मालकाला पसंत पडली तर पुढचं काम, नाहीतर डबा बंद. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की ह्या ऑपरेशनातला कोपरा मी आहे आणि मालकीण शेजारी बसली आहे. कोपरा बिघडून कसं चालेल?

म्हणून लख्ख.

"खरंच लख्ख?" हिनं विचारलं.

"अगदी."

"मग समोर काय आहे, सांगा बरं."

"तू."

"मी बाजूला बसलेय."

"तेच तर म्हणतोय! समोर तू नाहीस, हे किती स्वच्छ दिसतंय मला."

डॉक्टर हसले. मग त्यांनी काय काय सांगितलं. ड्रॉप्स कधी घालायचे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थोडे दिवस हे, थोडे दिवस ते. मी मान हलवत होतो. पण माझं सगळं लक्ष हिच्याकडे. पटलं का हिला? मालकिणीला शेड आवडली का?

"पुढच्या तपासणीला दोघंही या," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा आजींची तारीख ठरवू."

"तेव्हाचं तेव्हा," ही म्हणाली. म्हणजे नाही म्हणाली नाही. मी मनात म्हटलं, तेवढ्या दिवसांत डोळा आपोआप निवळेल आणि माझी थाप खरी होईल. आपल्याकडून वेळ काढायचा, बस्स.

घरी आलो, कपडे बदलले, चष्मा चढवला आणि खुर्चीत जाऊन बसलो. मुलगा आणि सूनबाई दोघंही कामावर जातात, दिवसभर घरात आम्ही दोघंच. म्हणजे एक परीक्षा घेणारी आणि एक परीक्षा देणारा.

सकाळ झाली की ही सुरू. काहीतरी माझ्या नाकासमोर धरायची. "हे काय आहे?"

मी नाकानं काम भागवायचो. "साबण."

"कोणत्या रंगाचा?"

आता आली पंचाईत. पण मला लगेच सुचलं की ह्या परीक्षेत गंमत अशी आहे की उत्तर बाईंनाही ठाऊक नाही. हिला तर सगळं जग कोऱ्या चहातून बघितल्यासारखं दिसायचं. मी ठणकावून म्हणालो, "गुलाबी."

"हं," ही म्हणाली, आणि साबण स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. "असेल, गुलाबीच असेल."

माणसं मी चपलांच्या आवाजावरून ओळखायचो. मुलगा पाय घासत येतो, सूनबाई टाचा आपटत येते. एकदा दारात कोणीतरी बराच वेळ गप्प उभं दिसलं, म्हणून "या, बसा ना, उभे का?" असं म्हणालो. हिनं विचारलं, "कोणाशी बोलताय?" पुढे जाऊन हात लावला तर छत्री. "छत्रीशीच," मी म्हटलं, "थट्टा करत होतो." माणसाला लख्ख दिसायला लागलं की तो असा आनंदी होतो, असं हिला वाटलं असावं.

पण दिवस जात होते आणि धुकं काही हटत नव्हतं. मी चष्मा पुसायचो, पुन्हा चढवायचो, पुन्हा पुसायचो. सकाळी उठल्याउठल्या पहिलं काम तेच. ड्रॉप्स घालताना तेवढा चष्मा काढून मान मागे टाकायचो. पण वर पांढरं छत, त्यात धूसर काय आणि स्वच्छ काय? मला मनातून भीती वाटायला लागली. स्वतःच्या डोळ्याची वाटली ती वाटलीच. जास्त भीती ही की आता माझा डोळा असाच राहणार आणि त्यापायी ही दोन्ही डोळे घालवून बसणार. कोणाला सांगावं तर बातमी हिच्या कानावर जाणार. मी आणखी जोरात लख्ख म्हणायला लागलो.

तपासणी जवळ आली तशी ही म्हणाली, "असं तोंडी मी काही मानणार नाही. एक काम करून दाखवा."

"कोणतं?"

"ते ठिगळ मिळवा."

हे ठिगळ म्हणजे काय, ते सांगतो. ऑपरेशनच्या आधी माझा पलंग हलवताना बाहेरच्या खोलीतलं कपाट सरकवलं होतं. त्याच्यामागे भिंतीचा पोपडा निघाला. मुलानं त्यात पुट्टी भरली, आणि भिंतीवर ताटाएवढा पांढरा डाग राहिला. बाकी भिंत सायीच्या रंगाची, मीच कधीकाळी रंगवलेली. जुन्या भिंतीवरच्या अशा डागाला नेमका तोच रंग देऊन तो दिसेनासा करायचा, ह्याला आम्ही ठिगळ मिळवणं म्हणतो. सगळी भिंत कोणीही रंगवेल. ठिगळ मिळवायला डोळा लागतो. माझ्या उमेदीत लोक मला ठिगळवाले म्हणूनच बोलवायचे, आणि मी ठिगळ लावलं की मालकाला बोट ठेवूनही जागा सापडत नसे.

"ते मिळालं तर डोळा खरा," ही म्हणाली. "मग मी गुपचूप ऑपरेशनला जाते. एक शब्द बोलणार नाही."

एवढं मोठं बक्षीस समोर ठेवल्यावर काय करणार? डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं होतं, पण ठिगळ छातीच्या उंचीवर होतं. वजन उचलू नका म्हटलं होतं, तर डबा ही देणार होती. डॉक्टरांची परवानगीच आहे म्हणा ना, असं मी स्वतःला समजावलं. मुलगा-सून घराबाहेर पडल्यावर हिनं पलंगाखालचा पांढरा रंग काढला, स्टेनरच्या बाटल्या काढल्या, एक पिवळी, एक निळी. ह्या बाटलीतल्या थेंबांनी शेड बदलते. आयुष्यभराचं काम, हाताला सवय. मी स्टूल भिंतीला लावून आडवा बसलो. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला डबा.

इथंच सगळा घोटाळा झाला, पण तो मला त्या वेळी कळला नाही. ऑपरेशन झालेला डोळा डावा. त्याला सगळं निळसर पांढरं, ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसायचं. उजव्यात अजून मोतीबिंदू, त्याला सगळं पिवळट. म्हणजे मी भिंत बघत होतो नव्या डोळ्यानं आणि डबा बघत होतो जुन्या डोळ्यानं, आणि धुकं दोन्हीकडे.

"डबा फार पिवळा वाटतोय," मी म्हटलं. निळ्याचे थेंब घातले.

"आता?"

"अजून पिवळा." अजून निळा.

"अहो, मला इथून दिसत नाही, तुम्ही तोंड फिरवून बसा ना." मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूनं बसलो. आता डबा डावीकडे, भिंत उजवीकडे. बघतो तर डबा निळाभोर!

"हा निळा कसा झाला?"

"तुम्हीच घातलात की."

मी पिवळा घातला. पिवळा घातल्यावर बरं वाटलं. मग खात्री करावी म्हणून पुन्हा पहिल्या बाजूनं बसलो, तर पुन्हा पिवळा जास्त. पुन्हा निळा. अशी माझी उठबस चालली. निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यावर मी घर चालवलं, मुलं वाढवली. पण त्या दिवशी ते काही केल्या आठवलं नाही.

शेवटी दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा रंग बरोबर मिळाला असं आम्ही ठरवलं.

मी ब्रश लावला. ठिगळाला एक हात दिला. मग कडा दिसू नयेत म्हणून थोडा बाहेर पसरवला. त्या नव्या कडा दिसू नयेत म्हणून आणखी थोडा. (कडा दिसत होत्या असं नाही, पण असणार असा माझा अंदाज होता.) असं करत करत मी खिडकीपाशी पोचलो. तिकडून परत दाराकडे निघालो. मधे एका जागी भिंत मऊ लागली.

"अगं, इथं ओल आलीय," मी म्हटलं.

"मग तिथं दोन हात मारा," ही म्हणाली. मी तीन मारले.

काम झालं तेव्हा माझा दंड भरून आला होता. ही उठली. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली, पुन्हा परत आली. मी श्वास रोखून बसलो. माझ्या अख्ख्या जन्मात कुठल्याही मालकानं इतका वेळ घेतला नव्हता.

"कुठं आहे हो ठिगळ?" ही म्हणाली.

"शोध ना."

"मला तर दिसतच नाही."

"दिसणारच नाही."

ही माझ्याकडे वळली. आवाज एकदम हळू झाला. "म्हणजे खरंच बरा झाला डोळा. मला आपलं वाटत होतं, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." मग नाक ओढत म्हणाली, "जाईन मी. ठरलं." आणि चहा करायला आत गेली. मला रडू येत होतं, पण डोळ्यात पाणी येऊ द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं, म्हणून आवरलं.

चहा पिऊन होतोय तोच टाचांचा आवाज आला. सूनबाई. आवाज दारापर्यंत आला आणि थांबला.

"बाबा," ती म्हणाली. "घरात कोण आलं होतं?"

"कोणी नाही. का गं?"

"मग हे कोणी केलं?"

"मी!" मी खुर्चीत ताठ बसलो. "ठिगळ मिळवलं. शोधून दाखव बघू कुठे आहे ते."

"बाबा, भिंत हिरवी आहे."

"कोणती?"

"हीच! अख्खी! पाण्याच्या टाकीत शेवाळ धरतं ना, तशी! आणि… आणि ह्यांचा कोट कुठे गेला? सकाळी खुंटीला लावला होता."

ती भिंतीजवळ गेली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, जाड पापुद्रा सुटावा तसा.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "कोट तुम्ही भिंतीत धरलाय."

सूनबाई समजूतदार आहे. ती आत जाऊन तोंडावर पदर धरून हसली असावी, कारण बराच वेळ नळ सुरू होता. बाहेर आम्ही दोघंच उरलो. हिचा गप्प बसल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तुम्हाला दिसत नाही," शेवटी ही म्हणाली.

"दिसतं. थोडं धूसर."

"किती धूसर?"

"तुला किती दिसतं?"

"मला मेलीला काही दिसत नाही! पण मी कधी लख्ख म्हटलंय का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. पडद्याला हात जोडले ते, छत्रीला बसा म्हटलं ते. ही हसली नाही. मला वाटलं होतं भांडेल. भांडलीही नाही. नुसती म्हणाली, "तुमचा साधा होता, त्याची ही गत. माझा तर पिकलेला. मी नाही जाणार." आणि हे तिनं अशा सुरात सांगितलं की मी उठून रंगाच्या डब्याला झाकण लावलं. कोपरा बिघडला होता. डबा बंद.

तपासणीच्या दिवशी ही आली, पण ऑपरेशनसाठी नाही, डॉक्टरांना जाब विचारायला आली. सूनबाईनं आम्हा दोघांना दोन दंडांना धरून नेलं. उन्हात लावायचा काळा चष्मा रस्ताभर माझ्या नाकावर होता, त्यातून सगळंच अंधारं. आत गेल्यावर मी तो काढला आणि सवयीनं खिशातला चष्मा चढवला. खुर्चीत टेकतोय तोच हिनं तोंड उघडलं.

"चांगला चालताबोलता माणूस दिला होता तुमच्या हातात, डॉक्टर! घरात आता हिरवी भिंत आहे! कोट भिंतीला चिकटलाय! छत्रीला या बसा म्हणतात हे! काय केलंत तुम्ही ह्यांच्या डोळ्याचं?"

डॉक्टर तरुण माणूस. त्यांना कोट, छत्री आणि भिंत यांचा मेळ बसेना. ते म्हणाले, "आजी, एक मिनिट. आजोबा, समोरच्या तक्त्यावर बघा. ह्या चिन्हांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, तेवढं बोटानं दाखवा."

मी बघितलं. "तक्ता कुठे आहे?"

"बघा!" ही ओरडली. "बघा!"

डॉक्टर पुढे आले. माझ्यासमोर वाकले आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग विचारलं, "आजोबा, हा चष्मा कुठला?"

"माझाच आहे."

"नवा केलात?"

"नाही हो. जुनाच. चांगला मजबूत आहे."

"ऑपरेशननंतर रोज लावता?"

"रोज म्हणजे, झोपेतून उठलो की झोपेपर्यंत. तरी दिसत नाही बघा."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग दोन बोटांनी माझ्या नाकावरचा चष्मा उचलला.

काय सांगू! धुकं असं गेलं, जसं कोणी समोरची काच फोडून टाकली. तक्ता दिसला. तक्त्याचा खिळा दिसला. खिळ्याखाली रंगाऱ्यानं पुट्टी नीट घासली नव्हती, ते दिसलं. आणि बाजूला ही दिसली. शाल मुठीत आवळून धरलेली. तोंडानं भांडत होती आणि हनुवटी थरथरत होती. इतकी घाबरली आहे हे मला कोणीच कसं सांगितलं नाही? मी हात पुढे केला आणि पहिल्या झटक्यात तिचाच हात सापडला.

"आजोबा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डोळ्यात आता नवं भिंग आहे. त्याच्यावर हा जुना नंबर लावलात तर धुरकटच दिसणार. पहिले थोडे दिवस धुकं राहील आणि जुना चष्मा ह्या डोळ्याला चालणार नाही, हे मी पट्टी काढली त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही मान हलवत होता."

"हलवत होतो," मी म्हटलं.

हिनं माझा हात सोडला आणि खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे डॉक्टर, ह्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं?"

"उत्तम झालं."

"भिंगबिंग जागेवर?"

"अगदी जागेवर."

"म्हणजे तुमच्याकडून काहीच बिघडलं नव्हतं? जे बिघडवलं ते सगळं ह्यांनी एकट्यानं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतली दया मला स्वच्छ दिसली. "तसंच म्हणावं लागेल, आजी."

हिनं मोठा श्वास सोडला. हनुवटी थरथरायची थांबली. "मग माझं करून टाका," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुमच्याच हाताला काही खोट आहे. ह्यांच्या डोक्याचं काय, त्याची मला सवय आहे."

मी इतके दिवस लख्ख लख्ख म्हणून घसा कोरडा केला, भिंत रंगवली, कोट रंगवला, त्यानं जे झालं नाही ते असं झालं. सूनबाई पुन्हा तोंडावर पदर धरून बाहेर गेली.

हिचं ऑपरेशन झालं आणि छान झालं. पट्टी लावून ती पलंगावर बसली होती तेव्हा सिस्टर औषधांची पिशवी घेऊन आली. "आजोबा, इकडे या," ती मला म्हणाली, "घरी गेल्यावर काय करायचं ते नीट सांगते." मी पुढे झालो, मान हलवायला सुरुवात केली.

"सिस्टर," पलंगावरून आवाज आला, "त्यांना नको, मला सांगा. माझा डोळा झाकलाय, कान उघडे आहेत. ह्यांचं उलटं असतं."